सेल्वी उठली तेव्हा

मार्च २००३, शुक्रवार

आज इथे दक्षिणेत, अंबत्तूरच्या आमच्या ऑफिसात अमेरिकेहून आलेल्या क्लायंटने मीटिंगआधी सगळ्यांना उभं केलं. इराकमध्ये लढणाऱ्या त्यांच्या सैनिकांसाठी एक मिनिट शांतता. मीही उभी राहिले. ती कुणाची तरी पोरंच आहेत, त्यांच्याशी माझं काय भांडण? भांडण आहे ते त्यांना तिथे धाडणाऱ्या अध्यक्षाशी.

सगळे बसले. मी नाही बसले. म्हटलं, "आता एक मिनिट बगदादमधल्या माणसांसाठी. तुमच्या अध्यक्षांनी विनाकारण त्यांच्यावर बॉम्ब टाकलेत."

खोलीत कुणी हलेना. मग शेजारची सेल्वी उठली. सेल्वी, जी मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाही! तिच्यामागून आणखी दोघे. क्लायंट कागदांत डोकं घालून बसून राहिला.

नंतर मॅनेजरनी केबिनमध्ये बोलावलं. "जूनमध्ये तू अमेरिकेला जाणार होतीस ना? सोमवारी त्यांची माफी माग, मग बघू."

"सर, माफी कशाबद्दल? उभी राहिले म्हणून?"



अमेरिका पाहायची होती, फार. आईने सगळ्या सांगलीला सांगून ठेवलंय. तिला काय सांगू? जे झालं तेच. आणि सेल्वीला कुठून आलं एवढं बळ? मला तरी कुठून आलं?

सोमवारी वेळेवर जाईन आणि सरांना सांगेन, माझ्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवा. माफी मागणार नाही.