दोन्हीकडे १२८६

४ एप्रिल २०१६, सोमवार
नोकरी लागली! वाळूजची लिफ्ट-दुरुस्तीची कंपनी, टेबल खिडकीजवळ, आणि जेवणाच्या सुट्टीत थंड पाणी. यंदा पाणी हीच चैन. देवगाव रंगारीहून पेटी घेऊन आलो आणि गारखेड्यात विशाखाताईकडे उतरलो. पाचवा मजला. पुढची लिफ्ट आरशाची, मागची सामानाची. दोन्हींत आमच्याच कंपनीचं स्टिकर. टँकर दिवसाआड येतो. ड्रम मागच्या लिफ्टनं वर येतात.
डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सुटला, हे मी व्यंकटराव साहेबांपासून लपवलं नाही. त्यांनी माझा अर्ज वाचला आणि म्हणाले, एकही चूक नाही, शुद्धलेखनवाले, या.

६ एप्रिल, बुधवार
काम नीट समजलं. ऑफिसच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हिस करार आहेत, १२८६. ते नव्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचे. तिथून मेकॅनिकच्या मोबाइलवर जातं, कुणी कोणती लिफ्ट कधी तपासायची ते. रोज सकाळी दहाला दोन्हींची जुळवणी होते. नवं सॉफ्टवेअर प्रत्येक लिफ्टची वेगळी ओळ मागतं. जुन्यात चौदा करारांत दोन-दोन लिफ्ट एकाच ओळीत कोंबल्यात. मी त्या सोडवल्या.

७ एप्रिल, गुरुवार
जुन्यात १२८६, नव्यात १३००. साहेब म्हणाले, आकडा जुळत नाही म्हणजे तुमचं काम चुकलं, संध्याकाळपर्यंत जुळवा. करार आणि लिफ्ट वेगवेगळे मोजायचे असतात, हे मला सांगता आलं असतं. डिप्लोम्याचा विषय निघेल म्हणून सांगितलं नाही. चौदा जादा ओळी काढून टाकल्या. कुठल्या इमारतींच्या, तेही पाहिलं नाही.
दोन्हीकडे १२८६. साहेबांनी पाठ थोपटली.

१९ एप्रिल, मंगळवार
बीड बायपासजवळ सत्यभामा अपार्टमेंटमध्ये धुण्याभांड्याच्या मालनबाई पाण्याचा ड्रम घेऊन चौथ्या मजल्यावर लिफ्टची वाट पाहत होत्या. दार उघडलं. आत लिफ्ट नव्हती.
जुन्या सॉफ्टवेअरमधली ओळ उघडून पाहिली. लिफ्ट दोन.

२१ एप्रिल, गुरुवार
ती इमारत मेकॅनिक बद्रीनाथकडे होती. त्याला घरी बसवलं. जाताना तो माझ्या टेबलाशी थांबला.
"माझ्या मोबाइलवर एकच लिफ्ट हुती, आकाश. ती म्या तपासली. दुसरी कुठं गेली, तेवढं सांग."
मी म्हणालो, बघतो. त्यानं मान डोलावली. त्याला खरं वाटलं.

२५ एप्रिल, सोमवार
दहाच्या जुळवणीनंतर नव्यात १२८७. सत्यभामाची दुसरी लिफ्ट परत आली आहे. मेकॅनिकच्या रकान्यात मालनबाई. शेरा: "भेट दिली. दार उघडं हाय."
कुणाचा तरी खोडसाळपणा. ओळ काढली.

२६ एप्रिल, मंगळवार
पुन्हा १२८७. आज दुसरी इमारत, सिडकोतली. तीही त्या चौदांतलीच. तेच नाव, तोच शेरा. साहेब आकडा बघायच्या आत काढली.

३० एप्रिल, शनिवार
रोज एक नवी इमारत. सत्यभामा सोडून आज पाचवी. नाव न सांगता तिथल्या सेक्रेटरींना फोन केला, दुसरी लिफ्ट बंद ठेवा म्हणालो. ते हसले. म्हणाले, आज टँकरचा दिवस हाय, लिफ्ट बंद केली तर पाणी काय तुम्ही चढवणार व्हय?
ओळ काढली. दोन्हीकडे १२८६.

३ मे, मंगळवार
रविवारीही ओळ आली, थेट माझ्या मोबाइलवर. आता काढण्याआधी वहीत लिहून घेतो. आठ झाल्या.
कीबोर्ड ओला होता. ऑफिसात कालपासून पाणी नाही.

६ मे, शुक्रवार
अकरा. साहेबांच्या दारापर्यंत गेलो. आत ते कुणाला तरी सांगत होते, बद्रीनाथ कामचुकारच होता—
परत आलो.

८ मे, रविवार
काल बारावी. उद्या सगळं सांगणार. चौदा ओळी मी काढल्या, बद्रीनाथचा दोष नाही. बारा नावं स्वच्छ लिहून काढली. फक्त तेरावी राहिली. जुन्यात शोधता आली असती, शोधली नाही. ती आली की—

टँकरचा हॉर्न. ताई ड्रम घेऊन निघाली. मी उठत होतो, तर म्हणाली, "तू तुझं ऱ्हस्व-दीर्घ बघ, पाणी मी आणते."

दहा वाजले. मोबाइल वाजला.
तेरावी.
गारखेडा. इमारत— आमची. लिफ्ट दुसरी, मागची.
"भेट दिली. दार उघडं हाय. बाई पाणी घिऊन—"

ताई फोन उचलत नाही— फोन इथंच टेबलावर वाजतोय— मागची लिफ्ट सुरू झाल्याचा आवाज— ता