तीन पायांच्या पक्ष्याची वाटणी

मी, कान्देलारिया चोनाय, लुकास शोयोन यांची विधवा, वय वर्षे सदुसष्ट, धंदा शिवणकाम, राहणार सान आंतोनियो आग्वास कालिएन्तेस, ग्वातेमाला, हे मृत्युपत्र कुणाच्या शिकवण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे.  परवा सोमवारी जे पाहिले त्यामुळे लिहायला बसले आहे. ते चौथ्या कलमात येईल.

शेजारच्या आंतिग्वा शहराचे वकील बारिओस यांनी बजावले आहे, "कान्देबाई, बंद पाकिटातल्या मृत्युपत्रात खाडाखोड नको. चुकलं तर पुढे नवं कलम लिहायचं आणि आधीचं रद्द म्हणायचं." मी म्हटले, "वकीलसाहेब, पस्तीस वर्षांत मारलेली टीप उसवायची वेळ आली नाही माझ्यावर." ते नुसते हसले.

कलम १. रस्त्याकडची खोली, मागची खोली, चुलीची पडवी आणि परसातले लिंबाचे झाड माझी मुलगी देल्फिना हिला. छपराचा पत्रा पश्चिमेकडून गळतो, तोही तिलाच. कोंबड्या सहा. त्यांतली तांबडी अंडी लपवते, तिच्यावर नजर ठेवावी.

कलम २. पायाने चालवायचे काळे शिलाई मशीन, वरची सोनेरी वेलबुट्टी झिजलेली, देल्फिनाला. हे मशीन १९८९ साली घरात आले. लुकास नुकताच वारला होता आणि देल्फिना अंगावर पीत होती. माझी आई निकोलासा हिने सांगितले की मठातल्या नन्सनी दान दिले. तेव्हापासून दर नाताळला मी मठात चाळीस तमाल, म्हणजे पानात उकडलेले मक्याच्या पिठाचे उंडे, पाठवत आले, एकही वर्ष चुकले नाही. माझ्या मागे देल्फिनाने ही रीत चालू ठेवावी. आपण खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्यांतले नव्हे.

या मशीनवर मी शिवले काय, तर परदेशी पाहुण्यांच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यांच्या गवसण्या. चेमा भंगारवाला जुन्या हुईपिलांची गाठोडी आणतो. आमच्या बायकांचे हे विणलेले पोलके काखेत आणि गळ्याशी आधी विरते, छातीवरची नक्षी मात्र शाबूत राहते. ती कापायची. देल्फिना, शंभरदा सांगितले तरी पुन्हा लिहिते. तुकडा आधी मिठाच्या पाण्यात बुडव. लाल रंग सुटला आणि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरला तर ते सगळ्या गावाला नाव ठेवतात. पट्टी चार बोटे रुंद काप, जोड आला तर रंगाला रंग लावू नकोस, विरुद्ध लाव. आतून जाड कापड, उलट बाजूने एक लांब टीप, मग काठी घालून नळी उलटव. एका टोकाला भिंगाच्या झाकणासाठी खिसा. खिसा विसरू नकोस. गिऱ्हाईक नक्षीवर भुलते, पण खिशासाठी परत येते.

कलम ३. मोठी कात्री देल्फिनाला. तिने कागद कापू नये. आईचा कमरेला बांधायचा माग खुंटीवर आहे तिथेच राहू द्यावा.

कलम ४. माझी थोरली बहीण तेओदोरा हिला माझ्या मिळकतीतले काहीही मिळू नये. सुई नाही, कोंबडी नाही, तांबडीने लपवलेले अंडेसुद्धा नाही.

कारण लिहिते. आमच्याकडे बाई आपल्या सर्वांत चांगल्या हुईपिलात मातीत जाते. ते तिने आयुष्यभर जपून ठेवलेले असते आणि शेवटी लेकी तिला ते घालतात. आई २००३ साली गेली. तेओदोराने तिला खोलीत घेतले आणि दार आतून लावून घेतले. मी बडवत राहिले. आतून एवढेच, "थांब गं, होतंय." दार उघडले तेव्हा आई पेटीत होती, हनुवटीपर्यंत चादर. चादरीला हात लावू दिला नाही. मला माझ्या आईच्या अंगावरची चुणीसुद्धा सारखी करता आली नाही. त्या दिवसापासून तिच्या माझ्यात बोलणे नाही. ती बाजारात मला ऐकू जाईल असे म्हणते, "आईनं विणलं, चिंधीवालीनं कापलं."

आता सोमवारचे. लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे दिवस, आंतिग्वात पाहुण्यांची रीघ. तिथे विकायला बसणाऱ्या देल्फिनाने शनिवारसाठी बारा गवसण्या मागितल्या होत्या. चेमाच्या नव्या गाठोड्यातले तुकडे मी धुतले, चारचार एकावर एक ठेवले आणि न बघता कापले. घाईत हात चालतो, डोळा चालत नाही. सोमवारी खिशांसाठी उरलेल्या चिंध्या निवडायला बसले आणि एक हातात आली. पक्ष्याचे पोट आणि पाय. पाय तीन.

हा पक्षी जगात एकच आहे, कारण त्याची चूक माझी आहे. मी सात वर्षांची असताना आई चुलीवरचे पातेले बघायला उठली आणि मी तिच्या मागावर बसून पक्ष्याला पाय काढले. मोजायला चुकले. तेओदोरा म्हणाली, "उसव ते, गाव हसेल." आई म्हणाली, "राहू दे. दोन पायांचे उडून जातात. हा राहील." तेच हुईपिल आईने मरणासाठी ठेवले. ते मातीत आईच्या छातीवर आहे, असे मी एकवीस वर्षे धरून चालले होते.

आमच्या विणीला उलट बाजू नसते, दोन्हीकडून सारखीच दिसते. तरी मी चिंधी उलटून पाहिली. तीनच.

देल्फिनाला हाक मारली. "शनिवारच्या गवसण्या कुठं आहेत?"

"विकल्या की. बाराच्या बारा."

"पक्ष्याचं डोकं होतं ती?"

"ती एका उंच परदेशी बाईनं घेतली. उभ्या उभ्या पट्ट्यावर चढवली, गळ्यात अडकवली नि गेली ज्वालामुखी बघायला. का गं आई?"

पाय माझ्या मुठीत आणि डोके कुणा परक्या बाईच्या गळ्यात.  मग सगळे लख्ख दिसले. दार लावले होते ते यासाठी. आईच्या अंगावर जायचे ते तेओदोराने काढून घेतले, विकले, आणि आईला कसल्या तरी फडक्यात पुरले. हे कलम मी मेल्यावर मोठ्याने वाचावे. तेओदोरा हजर असेल तर दोनदा वाचावे.

कलम ५. वरचे बुधवारी लिहिले. आज शनिवार आहे. कलम चार संपूर्ण रद्द. वकीलसाहेबांच्या अटीमुळे ते खोडता येत नाही, म्हणून ते वर तसेच राहील आणि माझी लाज माझ्या मागेही वाचली जाईल. ते योग्यच आहे.

गुरुवारी मी चिंधी घेऊन तेओदोराताईकडे गेले. मेल्यावर ऐकवण्यापेक्षा तोंडावर ऐकवावे म्हटले. ती पडवीत घेवडा सोलत होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आहे, माणूस आवाजावरून ओळखते. मी चिंधी तिच्या परडीत टाकली.

"कोण, कान्दे? एकवीस वर्षांनी आलीस ती माझ्या घेवड्यात कचरा टाकायला?"

"बोट फिरव त्याच्यावर."

तिने अंगठा फिरवला. एक, दोन, तीन. आणि ती हसली. खदखदून.

"अगं, हा तर तुझा लंगडा! कुठं गावला?"

"मला विचारतेस? आईच्या अंगावरून काढलास, विकलास कुणाला ते सांग!"

हसू थांबले. "उचलली जीभ लावली टाळ्याला. तुझी जीभ तुझ्या कात्रीहून वाईट गं."

"मग दार का लावलं होतंस?"

तिने चिंधी परडीतून उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "आईनं शपथ घातली होती. पण तुझा लंगडा चालत घरी आला म्हटल्यावर कसली शपथ! तुला मशीन कुणी दिलं?"

"नन्सनी."

"नन्सनी! त्यांच्याकडे पडद्याला ठिगळ लावायला सुई नव्हती. आंतिग्वात ती गोरी म्हातारी राहायची, आठवते? जुनी हुईपिलं भिंतीवर टांगणारी? तिच्याकडे मशीन धूळ खात पडलं होतं. आईनं आपलं मरणाचं तिच्या हातात ठेवलं नि मशीन घेऊन आली. म्हणाली, मरायला अजून वेळ आहे, पोरीला आज जेवायचंय."

मला आठवले. त्यानंतर आईने ते हुईपिल कधी सणालाही बाहेर काढले नाही. विचारले तर म्हणायची, "ते आता पेटीबरोबरच निघेल." माझा विश्वास बसला होता.

"मग आई गेली कशात?" मी विचारले. 

"माझ्या लग्नाच्या हुईपिलात. आईच्या ट्रंकेत होत्या काय, दोन डांबराच्या गोळ्या. गाव दाराशी उभं, तू दार बडवतेयस. तुला आत घेतलं असतं तर बघताक्षणी ओळखलं असतंस."

"अन् एकवीस वर्षं गप्प राहिलीस? मी तुला काय काय बोलले!"

"सांगितलं असतं तर परत त्या मशीनवर बसली असतीस? देल्फिना शाळेत होती. तिला काय घातलं असतंस, रडू?"

 मी काहीतरी म्हणायचे म्हणून म्हटले, "आणि मला चिंधीवाली म्हणायचीस ते?"

"ते मनापासून म्हणायचे," ताई म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

शुक्रवारी चेमाला विचारले, गाठोडे त्या गोऱ्या म्हातारीच्या घरचे का? हो म्हणाला. ती गोरी म्हातारी गेली, परदेशातून तिची भाची आली, चांगले होते ते घेऊन गेली आणि कसर लागलेले सगळे त्याला उचलायला सांगितले. म्हणजे ज्या हुईपिलाच्या बदल्यात मशीन आले, तेच हुईपिल मी त्याच मशीनखाली घातले आणि त्याच्या चार बोटे रुंद पट्ट्या केल्या. हे वाक्य मी तीनदा वाचून पाहिले. अजून विश्वास बसत नाही.

कलम ६. मठातले तमाल बंद करू नयेत. त्या बिचाऱ्यांनी पस्तीस वर्षे ते माझी भक्ती समजून खाल्ले, आता त्यांचे पोट कशाला मारायचे? मात्र चाळीस ऐवजी वीस. उरलेले वीस तेओदोराताईच्या घरी, तिखट जास्त घालून.

कलम ७. माझे स्वतःचे मरणाचे हुईपिल माझ्या ट्रंकेत जुन्या चादरीत गुंडाळले आहे. मी ते तीन वर्षे विणले. पक्ष्यांचे पाय दोनदोनच आहेत, मोजले आहेत. ते आजपासून तेओदोराताईचे. तिच्याकडे स्वतःचे नाही. आहे ते मातीत आईच्या अंगावर आहे, आणि आता नवे विणायला तिला डोळे नाहीत. मी गुरुवारी निघताना विचारले, "ताई, मग तू कशात जाणार?" तर म्हणाली, "पांढऱ्या चादरीत. मला कोण बघणारे?" हे ऐकून जो धक्का बसला तो त्या चिंधीच्या धक्क्याहून मोठा होता. तिला आत्ता दिले तर ती घेणार नाही, तोंडावर फेकेल. म्हणून तिला सांगायचे नाही.

मी कशात जाणार? चिंध्यांत. गवसण्यांतून उरलेल्या पट्ट्या जोडून मी कालपासून एक हुईपिल शिवायला घेतले आहे. गावातल्या बायका नाके मुरडतील की निकोलासाची लेक ठिगळांत चालली. मुरडू द्या. आयुष्यभर ठिगळांनीच जेवू घातले. छातीच्या मधोमध ते तीन पाय येतील. वर डोके नसेल, त्याला इलाज नाही.

देल्फिना, ती उंच बाई कधी दिसली तर गवसणी परत मागू नकोस. तिने ती रीतसर घेतली आहे. तिला एवढेच सांग की गवसणीवरच्या त्या पक्ष्याचे पाय आमच्याकडे सुखरूप आहेत.

कलम ८, शेवटचे. मी आधी गेले तर मला कपडे तेओदोराताईने घालावेत, डोळ्याने नाही तर बोटांनी. दार उघडे ठेवावे, ज्याला यायचे त्याने यावे. आणि त्याच दिवशी ट्रंकेतले हुईपिल तिच्या मांडीवर ठेवावे, तेव्हा मी फेकून मारण्याच्या पलीकडे असेन.

ती आधी गेली तर तिला मी घालीन. तेव्हा माझे ट्रंकेतले हुईपिल तिला घालताना दार मी आतून लावून घेईन. देल्फिना, त्या दिवशी मी तुला बाहेर का ठेवले ते तुला हे वाचताना कळेल. तू कितीही बडवलेस तरी मी एवढेच म्हणणार आहे, "थांब गं, होतंय."

वरील आठ कलमे, रद्द झालेल्या एका कलमासह, माझी आहेत. त्यांत दुसऱ्या कुणाचा शब्द नाही, दुसऱ्यांचे बोल सोडून. पाकीट माझ्यासमोर बंद होईल.

सही: कान्देलारिया चोनाय

साक्षीदार:
१. होसे मारिया तुयुक ऊर्फ चेमा, भंगारवाला. (आतले वाचलेले नाही. गाठोडे मीच आणले होते, त्याचे वाईट वाटते, हे लिहू द्या म्हणाला, म्हणून लिहू दिले.)
२. इर्मेलिंदा आहू, शेजारीण. (आतले वाचायला मागत होती. दिलेले नाही.)

मुक्काम सान आंतोनियो आग्वास कालिएन्तेस, शनिवार, २३ मार्च २०२४