टॉर्कॉन आणि पिको: एक सखोल परीक्षण

३ मार्च, शनिवार

टॉर्कॉन घरी आला! कॅप्टन स्वतः आणून देऊन गेले. कॅप्टन म्हणजे आमच्या रोबो संग्राहक मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त वैमानिक. रूप बदलणाऱ्या रोबोंचा त्यांच्याइतका साठा शहरात दुसऱ्या कुणाकडे नाही, आणि त्यातला हा मुकुटमणी. उभा केला की रोबो, दुमडला की क्रेन. सोबत त्याचा साथीदार पिको. माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. क्रेनच्या केबिनमध्ये बसतो. आता दोन्ही मिळत नाहीत. बनवणारी कंपनीच बुडाली.

सतरा तारखेच्या बैठकीत परीक्षण मी सादर करणार. परीक्षण कोण करतंय असं विचारल्यावर सगळे खाली बघत होते. मी हात वर केला. नेतृत्व असंच पुढे येतं. (हिचं म्हणणं, मी पंखा कमी करा सांगायला हात वर केला होता. सुरुवात तशी झाली, कबूल. पण खाली तर घेतला नाही ना?)

योजना: उद्या हाताळणी, परवा फोटो, बुधवारपर्यंत लेखन खलास. उरलेले दिवस भाषेवर हात फिरवायला.

या वेळी अर्धवट सोडायचं नाही. कळू दे दादाला.

४ मार्च, रविवार

दादाबद्दल या वहीत लिहायचं नाही असं ठरवलंय. एकदाच लिहून टाकतो म्हणजे विषय संपेल.

दादा माझा थोरला भाऊ. दातांचा डॉक्टर. माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला हातात ग्लास घेऊन उभा राहिला आणि भरल्या हॉलमध्ये म्हणाला, आमच्या धाकट्याने हाती घेतलेलं एकच काम आजवर वेळेत पूर्ण झालंय, ते म्हणजे चाळिशी. हॉल फुटला. ही पण हसली. नंतर म्हणाली, खोकला होता.

आता गिटार मी सोडली ती बोटांच्या त्वचेमुळे. जर्मन सोडली कारण शिकवणाऱ्या बाईंचं लग्न ठरलं. गच्चीवरची बाग कबुतरांनी सोडायला लावली. यात माझा दोष शोधून दाखवावा कुणी.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. म्हणजे माझं बंद आहे. तो फोन करतो, मी उचलत नाही. मला काहीही फरक पडत नाही. संपला विषय.

हाताळणी उद्या. आज टेबल पुसून घेतलं.

५ मार्च, सोमवार

खोका उघडला. माहितीपत्रक निघालं. बाजूला ठेवलं. नळ आणि बेसिनच्या शोरूममध्ये उभं आयुष्य काढलेल्या माणसाला सांधा म्हणजे काय हे पत्रकाने सांगू नये.

निरीक्षणं: टॉर्कॉनचा खांदा उत्तम प्रतीच्या नळासारखा फिरतो. ना कुरकुर, ना ढिलाई. पिकोच्या चेहऱ्यावर जबाबदार भाव. रंगकाम स्वच्छ.

परीक्षणाचं पहिलं वाक्य लिहून झालं: ‘टॉर्कॉन हा केवळ रोबो नाही.’ दमदार आहे. मग तो आणखी काय आहे, ते उद्या.

७ मार्च, बुधवार

रूपांतराला हात घातला. पाय सहज दुमडले, चाकं बाहेर आली. उजवा हात क्रेनचा दांडा झाला. डावा हात हातच राहिला. पुढे जाईना, मागे येईना.

ही डोकावून म्हणाली, पँट चढवताना फोन वाजलेल्या माणसासारखा दिसतोय.

मी त्याला मधली अवस्था म्हणतो. परीक्षणात यावर स्वतंत्र परिच्छेद. इतर परीक्षक या टप्प्यावर थांबतच नाहीत, म्हणून त्यांचं लिखाण उथळ होतं.

८ मार्च, गुरुवार

किंचित जोर लावला. ‘टक’ असा आवाज आला. हा लॉक बसल्याचा आवाज.

रात्रीच्या जेवणानंतर: लॉक बसल्याचा आवाज नव्हता. डावा खांदा लोंबतोय. आतली खुंटी तुटली असावी. शिवाय पिको केबिनमध्ये नाही. हलवलं की टॉर्कॉनच्या छातीत खुळखुळ वाजतं.

कन्येने ऐकून सांगितलं, बाबा, तो आत पडलाय.

शांत राहणे. अनुभवी माणूस घाबरत नाही. उद्या सकाळी दोन मिनिटांचं काम आहे.

९ मार्च, शुक्रवार

दोन मिनिटांचं काम नाही.

नळाचं ग्रीस झालं. हेअर ड्रायर झाला. हिचा भुवयांचा चिमटा झाला. तो आता चिमटा राहिलेला नाही. ही म्हणाली, माझ्या वस्तूंना हात लावायचा नाही. मी म्हटलं, मोठ्या कामात छोटी साधनं खर्ची पडतातच. मग जेवण स्वतः गरम करून घेतलं.

कॅप्टनचा फोन. कसं काय चाललंय? मी म्हटलं, सध्या आतल्या बाजूचा अभ्यास सुरू आहे. यात एक अक्षर खोटं नाही. ते म्हणाले, जपून हं, हा माझ्या बायकोने आणलेला, ती गेली त्याच्या आदल्या वर्षी.

फोन ठेवल्यावर जरा बसून राहिलो. पंखा लावला. उकडत होतं.

११ मार्च, रविवार

कन्या म्हणाली, काकाकडे जा ना. त्याच्याकडे बारके आरसे आहेत, चिमटे आहेत, डोक्यावर दिवा आहे. दुसऱ्याच्या अंधारात हात घालणं हाच त्याचा धंदा आहे.

मी म्हटलं, प्राण गेला तरी नाही.

ही म्हणाली, तुमचा नाही, कॅप्टनच्या रोबोचा जातोय.

हल्ली या घरात माझ्याशी बोलायचं असलं की आधी दोघी एकमेकींकडे बघतात.

१२ मार्च, सोमवार

घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो. त्याने भिंग लावून बराच वेळ आत बघितलं. म्हणाला, साहेब, आतला माणूस माझ्याकडे बघतोय. मला नाही जमायचं.

परीक्षणात एका वाक्याची भर: ‘तो एक अनुभव आहे.’ दोन्ही वाक्यं सलग वाचली. जमतंय.

१३ मार्च, मंगळवार

निर्णय घेतला. दादाकडे जायचं, पण भाऊ म्हणून नाही. तांत्रिक सल्ला घ्यायला. फी विचारायची, काम करून घ्यायचं, निघायचं. वाढदिवसाचा विषय त्याने काढला तर घड्याळात बघायचं. आरशासमोर दोनदा बघून घेतलं. छान जमलं. फक्त घड्याळ घालून जायला हवं.

१४ मार्च, बुधवार

संध्याकाळी शेवटची वेळ घेतली होती. दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी वहिनी बसल्या होत्या. माझं वाक्य तयार होतं, पण मला बघून त्या खुर्चीतून उठल्याच. भावजी, दाढ दुखतेय का हो? गालावर हात ठेवून आलात.

हात कधी गेला कोण जाणे. मी म्हटलं, हो. खालची. उजवी.

पुढचं सगळं फार वेगात झालं. खुर्ची मागे गेली, दिवा आला, दादाचा चेहरा मास्कमागे. कसा आहेस, एवढंच म्हणाला आणि आरसा आत घातला. उजवी ठणठणीत आहे, म्हणाला. डावीकडे मात्र विहीर खणून ठेवली आहेस. एवढं कसं सहन केलंस?

मी सांगणार होतो की मी पेशंट नाही. तोवर सुई टोचून झाली होती.

मग त्याने मशीन लावलं आणि काम करता करता बोलायला लागला. माझं तोंड उघडं, त्यात कापूस, नळी आणि त्याची बोटं. म्हणाला, ते वाढदिवसाचं वाक्य मी आदल्या दिवसापासून घोकत होतो. लोक हसतील एवढंच डोक्यात होतं. बोलून झालं, तुझ्याकडे बघितलं, आणि वाटलं, आता हे परत तोंडात कसं घालू? मग फोन करत राहिलो. तू उचलेनास. तुझी वहिनी म्हणाली, घरी जा. माझी छाती झाली नाही रे.

मी म्हटलं, आ.

दुखतंय का, म्हणाला. मी मान हलवली. डोळ्यांतून पाणी आलं. त्याच्याकडचा तो दिवा भलताच प्रखर आहे, बदलायला हवा.

घड्याळात बघायचं राहून गेलं. हात त्या हिरव्या कापडाखाली होते.

उठलो तेव्हा पिशवी पायाला लागली आणि टॉर्कॉन खुळखुळला. दादा म्हणाला, हे काय? अर्धं तोंड बधिर. मी ‘तांत्रिक सल्ला’ म्हणायला गेलो, बाहेर भलतंच काही आलं. शेवटी पिशवीच त्याच्या हातात दिली.

वहिनींनी बाहेरची पाटी उलटी केली. दादाने टॉर्कॉनला खुर्चीवर आडवं केलं, मला केलं होतं तेवढंच सांभाळून. पिशवीतलं माहितीपत्रक उघडून पहिल्या ओळीपासून वाचायला बसला. चौथ्या पायरीशी थांबला. तिथे ठळक अक्षरात छापलंय: आधी पिकोला बाहेर काढा.

माझ्याकडे बघितलं. काही बोलला नाही. हे मी नोंदवून ठेवतो, कारण बोलण्यासारखं बरंच होतं.

मग चिमटा आत गेला आणि पिको बाहेर आला, पायाकडून. कापसावर ठेवला. तुटलेल्या खुंटीवर दादाने दात भरायचा मसाला लावला, निळा दिवा धरून कडक केला. माझ्या दाढेत आणि टॉर्कॉनच्या खांद्यात आता एकच माल आहे. वहिनींनी चहा केला. माझा अर्धा शर्टावर सांडला.

एकंदरीत मी देखरेख चांगली केली.

१६ मार्च, शुक्रवार

परीक्षण उद्या. मजकूर दोन वाक्यं. पण वजनदार. बाकीचं उत्स्फूर्त बोलावं, लोकांना तेच आवडतं.

दादाचा फोन आला. उचलला. दाढ कशी आहे विचारलं. उद्या बैठकीला येऊ का, म्हणाला. मी म्हटलं, हॉल सगळ्यांसाठी खुला असतो.

हिने विचारलं, कोणाचा फोन होता? मी म्हटलं, डॉक्टरांचा. ही हसली. या वेळी खोकला म्हणाली नाही.

१७ मार्च, शनिवार

लिहायचं तर स्पष्ट लिहितो.

पहिलं वाक्य म्हटलं. दुसरं म्हटलं. मग उत्स्फूर्त बोलायचं होतं ते आलं नाही. शेवटी कॅप्टन म्हणाले, रूपांतर करून दाखवा. पाय दुमडले, उजवा हात दुमडला, आणि मागच्या रांगेतून दादा ओरडला, पिको! मी पिकोला बाहेर काढला. सगळा हॉल हसला. क्रेन झाली.

कॅप्टननी ती उचलली आणि खांद्यावर बोट फिरवलं. तिथला रंग किंचित पांढरट आहे. हसू थांबलं. हे काय, म्हणाले.

मी म्हटलं, माझ्याकडून मोडला. एवढंच सुचलं.

तेव्हा मागे दादा उभा राहिला. हातात पाण्याचा ग्लास. म्हणाला, मोडला त्याने, पण दुरुस्तही त्यानेच केला. दारोदार हिंडला बिचारा. ज्याच्या दारात पाय ठेवणार नव्हता तिथेही आला. एका खेळण्यासाठी एवढं कोण करतं?

दुरुस्ती मी केली हे साफ खोटं. मी काही बोलणार होतो, पण कॅप्टन भिंग लावून बसले होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, हा खांदा आमच्याकडे आल्यापासून ढिलाच होता. बायको नेहमी म्हणायची, याला कुणाला तरी दाखवा. मग खिशातला रुमाल काढून त्यांनी भिंग पुसलं. नंतर डोळे.

टाळ्या झाल्या. भरपूर.

१८ मार्च, रविवार

सकाळपासून बेल वाजतेय. मंडळातला प्रत्येक जण आपापला मोडका रोबो घेऊन हजर. कुणाचं डोकं लुळं, कुणाचा पंख गेलेला. दिवाणावर बसायला जागा नाही. ही म्हणाली, हे सगळं कोण दुरुस्त करणार? मी म्हटलं, मंडळाने विश्वास टाकलाय.

पुढची दिशा स्पष्ट आहे. परीक्षण हे माझं क्षेत्र नव्हतंच. मी मूळचा दुरुस्तीचा माणूस. दादाला मदतनीस म्हणून घ्यावं. त्याचा हात बरा आहे, मार्गदर्शन मिळालं तर पुढे जाईल. फोन करून तसं कळवलं. मग म्हणाला, पुढच्या रविवारी दवाखाना बंदच असतो, सगळे घेऊन ये.

२५ मार्च, रविवार

दादाच्या दवाखान्यात मुख्य तंत्रज्ञ म्हणून कामाला सुरुवात केली. पहिला रोबो मीच घेतला. त्याचं डोकं हातात आलं.

दादाने दोन्ही तुकडे माझ्याकडून घेतले आणि मला दिवा दिला. इथे धर, म्हणाला. धरला. जरा खाली. घेतला. आता हलवू नकोस.

जेवायच्या वेळेपर्यंत हललो नाही.