तोंड कुणाकडं करायचं

अप्पा, ढोलाचा पट्टा तुम्ही माझ्या चुलतभावाच्या मापानं लावून दिलात, माझ्या मापानं कुणी लावलाच नाही, आणि ह्याचा राग मला आजपण आहे, हे आधी ऐकून घ्या. बाकीचं मग सांगते. तो ढोल माझ्याकडं आला तेव्हा देवळातल्या खुंटीला धूळ खात लटकला होता. पट्टा एवढा सैल की गळ्यात घातला तर ढोल गुडघ्याला लागायचा. मीच दाभण घेऊन बसले आणि नवी भोकं पाडली. आपली रीत काय आहे? जुना वस्ताद आपल्या हातानं पट्टा नव्या वस्तादाच्या मापाचा करतो, ढोल त्याच्या गळ्यात घालतो आणि मुकाट्यानं मागच्या रांगेत जाऊन उभा राहतो. हार नाही, भाषण नाही. ती रीत तुम्ही त्याच्यासाठी केलीत. मी तवा पोर होते, मला कोण ढोल देणार, एवढं कळतं मला. आणि माझी पाळी आली तवा तुम्ही नव्हता. गेलेल्या माणसाशी काय भांडायचं, म्हणतात लोक. मी भांडते. चौथीपर्यंतची शाळा माझी, अक्षर कसलं ते तुम्ही बघितलंय, तरी लिहून राहिले, कारण आता ढोल पुढं द्यायची पाळी माझ्यावर आली आहे आणि एक गोष्ट तुम्ही न सांगताच गेलात.

वाजवताना पालखीला पाठ दावायची नाही, हे तुम्ही मला चुलीपुढं शिकवलंत. आई भाकरी थापायची आणि मी त्या तालावर ताटली वाजवायचे. तुम्ही ओसरीवरून ओरडायचात, ‘‘घाई करून राहिलीस. भाकर अजून तव्यावर पडली न्हाई आन् तू पुढं निघालीस.’’ झांजवाला कंधारला लेकीकडं जाऊन राहिला तवा त्याची झांज तुम्ही माझ्या हातात दिलीत. ताफ्यात सगळे बाप्ये आणि मी एकटी परकरातली पोरगी. शिवरात्रीला महादेवाची पालखी निघायची, तिच्यापुढं आपला ताफा, सगळ्यांची तोंडं पालखीकडं आणि सगळे उलटे चालत. वस्ताद पालखीच्या सगळ्यात जवळ, बाकीचे त्याच्या पाठीमागं. वाजवताना तुमचं तोंड मला कवा दिसलंच नाही. दिसायची ती तुमची पाठ आणि उजवं कोपर. त्या कोपरावर आम्ही ताल धरायचो आणि टाचेनं वाट चाचपत मागं मागं जायचो. गोटा लागू दे, गटार येऊ दे, टिपरू चुकवायचं नाही.

मग लातूरचा नवा जिल्हा झाला. आपण तवा उदगीर तालुक्यातले, जळकोटला तालुका लई पुढं मिळाला. लातूरला मोठ्या मैदानात तालुक्यातालुक्यांचे ताफे बोलावले आणि स्पर्धा ठेवली. आपण ट्रकमधून गेलो. मी नवं परकर-पोलकं घातलं होतं, ते ट्रकमध्येच मळलं. एका बाजूला मंडप, खुर्च्या, टेबल, टेबलामागं साहेब लोक. पण तिथं पालखी कुठली? तुम्ही खांद्यावरचा पंचा काढला, घडी करून मैदानाच्या मधोमध भुईवर ठेवला, वर बेलाचं पान ठेवलं. म्हणालात, ‘‘ही पालखी.’’ 

पालखी चालते, पंचा चालत नाही, हे एवढ्या बाप्यांत एकाच्यापण ध्यानात आलं नाही. आपण पंच्याकडं तोंड करून वाजवायला लागलो आणि सवयीनं मागं मागं निघालो. पंचा तिथंच, आपण मंडपाकडं, आणि साहेबांना दिसून राहिल्या आपल्या पाठी. माईकवाला ओरडतोय, ‘‘उदगीरवाले, तोंड इकडं करा! अहो इकडं, इकडं!’’ लोक हसायला लागले. तुमचं कोपर काही थांबलं नाही. शेवटच्या टोकाला आपला शिंपी होता, त्याची पाठ जाऊन टेबलालाच धडकली आणि पाण्याचा जग मोठ्या साहेबांच्या मांडीवर उलटला. सगळं मैदान हसलं, अप्पा. पोलीसपण हसले. तुम्ही फेरी पुरी केलीत, सावकाश पंच्यापर्यंत चालत गेलात, पान उचलून खिशात ठेवलं, पंचा झटकून खांद्यावर टाकला. माईकवर सांगितलं, हा ताफा बाद.

येताना ट्रकमध्ये आधी शिंपीच म्हणाला, ‘‘वस्ताद, साहेबाची नवी पँट शिवायला आता मलाच बोलावतात बघा.’’ दोघंतिघं हसले. चुलतभाऊ हसला नाही. तो म्हणाला, ‘‘काका, मैदानात देव नव्हता. माणसं होती. माणसाला पाठ दावून आलो आपण.’’ मला वाटलं तुम्ही त्याच्या मुस्काटात ठेवून देता. तुम्ही त्याच्याकडं बघितलंपण नाही. माझ्याकडं वळलात आणि म्हणालात, ‘‘तिसऱ्या फेरीत झांज मागं पडली तुझी.’’ एवढी इज्जत गेली आणि ह्या माणसाला माझ्या झांजेची फिकीर! मी रडले. तुम्ही म्हणालात, ‘‘रडताना तरी तालात रड.’’ तवा सगळा ट्रक हसला.

पुढच्या सोमवारी देवळात बैठक बसली. पोरांना ताफा फिरवायचा होता, लोकांकडं तोंड करायचं होतं, आणि तुम्ही असताना ते होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तोंडावर बोलायची हिंमत एकट्या चुलतभावानं केली. तुम्ही त्याला एकच विचारलंत, ‘‘पालखीपुढं काय करशील?’’ तो म्हणाला, ‘‘पालखीपुढं पालखीकडं, मैदानात लोकांकडं.’’ तुम्ही म्हणालात, ‘‘ढोल आण.’’ त्याची मान जाड. तुम्ही खाली मान घालून पट्टा सैल केलात, त्याच्या गळ्यात घातलात, हातानं ओढून बघितलात, अजून थोडा सैल केलात. आणि मागच्या रांगेत माझ्या शेजारी येऊन उभे राहिलात, हातात धाकटा ढोल घेऊन. मला एवढा राग आला की मी त्या दिवशी तुम्हाला ताट वाढलं नाही. आईनं वाढलं.

पुढच्या साली नांदेडला स्पर्धा होती. मला वाटलं तुम्ही येणारच नाही. आलात. मग वाटलं, मैदानात ताफा वळेल तवा तुम्ही टिपरू खाली ठेवाल, एकटेच पाठ करून उभे राहाल, काहीतरी कराल. चुलतभावानं हात वर केला, ताफा गर्रकन लोकांकडं वळला, आणि सगळ्यात आधी कोण वळलं? तुम्ही! मी बाजूलाच होते. वाजवताना तुमचं तोंड मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. डोळे समोर ताफ्यावर, गालात सुपारी, आणि जेवण झाल्यावर माणूस बसतो तसे निवांत. बादबीद काही नाही, दुसरा नंबर आला, ढाल मिळाली. परत येताना कंधारच्या स्टँडवर गाडी थांबली, आपण चहा घेतला, आणि मी विचारलंच. ‘‘अप्पा, साहेबांसाठी वळला न्हाईत. मग ह्याच्यासाठी कसं वळलात?’’ तुम्ही चहा बशीत ओतलात, माझ्याकडं सरकवलात आणि म्हणालात, ‘‘पी. गाडी सुटंल.’’ झालं. हे तुमचं उत्तर. मी पुन्हा विचारलं नाही, आणि मग विचारायला तुम्ही राहिला नाहीत.

तुम्ही मला गावातच दिलीत, म्हणून ताफा मला सुटला नाही. चुलतभावानं पुष्कळ वर्षं चालवला. मग एका पाठोपाठ एक साल वाळकं गेलं, बाप्ये कुणी पुण्याला, कुणी हैदराबादला कामाला गेले, तोपण गेला, आणि ढोल खुंटीला लागला. शिवरात्रीला पालखी मुकी निघाली ते मला बघवलं नाही. दुसऱ्या साली बायका गोळा केल्या. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, ‘‘बायका ढोल बडवनार, मग भाकरी कोन बडवनार?’’ मी म्हटलं, ‘‘तुमची तुम्ही बडवा मामा, दोन्ही हात शाबूत हायेत.’’ तेव्हापासून मी वस्ताद. आणि सांगते, चांगली वस्ताद. पालखीपुढं माझ्या बायका उलट्या चालतात तवा एक टाच अडखळत नाही. स्पर्धेला मात्र मी माझा ताफा कवा नेला नाही. लातूर एकदा बघितलं तेवढं बास होतं.

यंदाचा दुष्काळ तुम्ही बघितला नाहीत ते बरं झालं. लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलंय, आणि आमच्याकडं टँकर. तालीम चालू असताना टँकरचा हॉर्न वाजला की ढोल खाली आणि घागरी डोक्यावर. शिवरात्रीच्या आधी पंचांनी सांगितलं, जत्रा बंद, आलेल्या माणसांना पाजायला पाणी नाही. पालखी कुलपातच राहिली. आणि आमचा ताफा तयार होऊन रिकामा. तवा माझी सून बोलली. ती नांदेडची, लग्नाआधी तिथल्या पथकात वाजवायची, हात चांगला आहे, माझ्याहून चांगला आहे, लिहून देते. म्हणाली, ‘‘आत्याबाई, नांदेडला स्पर्धा हाय. जाऊ की.’’

मी म्हटलं, ‘‘आपण उलटं चालणारे. तिथं काय करायचं?’’

‘‘पालखी न्हाई तर उलटं कामून चालायचं? लोकांकडं तोंड करू.’’

‘‘आमच्या अप्पांनी साहेबाला पाठ दावली, पण रीत मोडली न्हाई.’’

‘‘आन् साहेबाची पँट भिजवली,’’ सून म्हणाली. ही गोष्ट सगळ्या गावाला पाठ आहे.

माझी जाऊ मधेच म्हणाली, ‘‘माझं मत उलटंच. लोकांकडं तोंड केलं तर पोट दिसतंय माझं.’’ सगळ्या हसल्या. पण तरण्या बायका सुनेकडं बघून राहिल्या होत्या, माझ्याकडं नाही, आणि ते मला दिसलं. लातूरहून आल्यावर देवळात तुम्हालापण असंच दिसलं असेल.

मी घरी येऊन तिला सरळ विचारलं, ‘‘ढोल पाहिजे का तुला?’’ तीपण सरळच आहे. म्हणाली, ‘‘पाहिजे. पण द्यायचा तर मनापासून द्या. मागं उभं राहून कुरकुर करनार असाल तर तुमच्याकडंच राहू द्या, आम्ही घरी बसतो.’’ पुढं म्हणाली, ‘‘एक दिवस मागच्या रांगेत उभ्या राहून बघा, मग बोला.’’ माझी टाच तशी वर्षभर दुखून राहिली आहे. म्हटलं, बघू.

खळ्यावर तालीम होती. तिनं हात वर केला, बायका वळल्या, मी सगळ्यांच्या मागं धाकटा ढोल घेऊन. आणि अप्पा, मला माझा ताफा दिसला. एवढी वर्षं तो माझ्या पाठीमागं होता. मी त्याला कानानं ओळखायचे, कोण पुढं पळतंय, कोण मागं पडतंय, पण डोळ्यानं बघितला नव्हता. सगळी कोपरं एकदम वर जातात, एकदम खाली येतात. शिंप्याची नात टाचा उचलून वाजवते, हे मला ठाऊक नव्हतं. माझी जाऊ ढोल वाजवताना मान अशी हलवते जशी लग्नाच्या आधी हलवत असेल. सुनेची पाठ ताठ. मी वाजवायचंच विसरले. एका बाईनं मागं वळून म्हटलं, ‘‘वस्ताद, झोपल्या का?’’

तेव्हापासून तुमची ती सुपारी माझ्या डोक्यातून जाईना. तुम्ही पालखीकडं तोंड करून आयुष्य काढलंत आणि ताफा पाठीमागं. मागच्या रांगेत गेल्यावर तो पहिल्यांदा तुमच्या डोळ्यापुढं आला. म्हणून वळलात का? का वस्ताद बदलला की हुकूम बदलतो, म्हणून मुकाट्यानं वळलात? का लातूरच्या हसण्याचं मनात होतं? मला समजूत घालणारं उत्तर नको, खरं पाहिजे. मी मागं उभी राहणार ते राग गिळून की सुपारी चघळत, एवढंच मला कळायचं राहिलं आहे. सुनेला मी तोंडानं सांगणार, मनापासून दिला, तर ते खरंच असलं पाहिजे. ती खोटं ओळखते.

हा कागद काही पोस्टात पडायचा नाही, मला एवढी अक्कल आहे. देवळात नेऊन वाचीन, मोठ्यानं नाही, मनात. आणि एक सांगायचं राहिलं. पट्टा मी काल दुपारीच काढला आणि सुनेच्या मापानं आवळून ठेवला. ती बारीक आहे, नवं भोक पाडावं लागलं. दाभण तेच. तिला अजून सांगितलं नाही.

तरी तुम्ही बोलायचं ते बोलाच. रविवारी पहाटेची मुखेडची गाडी धरायची आहे, तिथून कंधार, तिथून नांदेड. ढोल मी शनिवारी दिवेलागणीला तिच्या गळ्यात घालणार. त्याच्या आत सांगा, शनिवारी, दिवा लावायच्या आत. आणि ह्या वेळी चहा पी म्हणायचं नाही.