लिंडेनबाखच्या थांब्यावरचं छप्पर

लिंडेनबाख, डार्मश्टाटजवळ
१४ ऑक्टोबर २००७

तीर्थस्वरूप प्रतापमामा यांच्या चरणी भाचा आत्माराम याचे दंडवत.

तुमची शुगर, मामींचे गुडघे आणि नव्या बोअरचं पाणी, तिन्ही ताळ्यावर असतील असं धरून चालतो. आम्हीही मजेत. अरुंधती मजेत आहे हे मुद्दाम लिहितोय, कारण महिन्याभरापूर्वी तसं लिहिण्याची माझी हिंमत नव्हती. ज्ञानदा आता चार वर्षांची झाली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते (तुमच्याशी फोनवर बोलली ती तुमची तक्रार करत नव्हती, तिला भूक लागली होती). तुम्ही मला नेहमी ऐकवता की कॉम्प्युटरवाल्यांना गावकारभारातलं ओ की ठो कळत नाही. तेव्हा हे पत्र शक्यतो ग्रामपंचायतीच्या ओट्यावर, चार माणसांदेखत मोठ्याने वाचावं. ता.क. मात्र घरी वाचावेत.

तर झालं असं. आमच्या गावातून शहराकडे जाणारी बस गावाच्या वरच्या अंगाला, अगदी शेतांच्या कडेला थांबते. थांबा म्हणजे काय, तर एक खांब आणि त्यावर वेळापत्रक. वेळापत्रक इतकं अचूक की आभाळ कोसळलं तरी बस मिनिटावर येते, आणि आभाळ इथे वारंवार कोसळतं. अरुंधती रोज ज्ञानदाला शेजारच्या गावातल्या बालवाडीत नेते, म्हणजे रोज दोघी तिथे वाऱ्यात कुडकुडत उभ्या. सप्टेंबरात एकदा ती निथळत घरी आली आणि म्हणाली की हिवाळ्याआधी तिथे छप्पर तरी होईल, नाहीतर आपण डार्मश्टाटमध्ये फ्लॅट बघू. मामा, मला हे गाव आवडतं. शेजारीण न विचारता सफरचंदं आणून ठेवते, वसंतात शेतात शेणखत पसरतात तेव्हा माझा ऊर भरून येतो (अरुंधती खिडक्या लावून घेते). शहरात मला कोण विचारतंय?

म्हणून मी इथल्या ग्रामपंचायतीकडे गेलो. तिला ओर्ट्सबाइराट म्हणतात. गावाने निवडून दिलेली माणसं, मानधन नावापुरतं, सभा अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, आणि शेवटी गावकऱ्यांना बोलायला वेळ. प्रमुख आहेत फ्राऊ वाइगांड, म्हणजे वाइगांडबाई. दिवसा दातांच्या दवाखान्यात काम करतात आणि संध्याकाळी गाव सांभाळतात (लोकांना तोंड उघडायला लावण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही). त्या दिवशी दफनभूमीतल्या नळाजवळच्या, थडग्यांवरच्या फुलांना पाणी घालायच्या झाऱ्या कोणी पळवतं, यावर इतकी सखोल चर्चा झाली की मला धाप लागली. पण कोणी आवाज चढवला नाही, कोणी सभात्याग केला नाही, कोणी कोणाचे वडील काढले नाहीत. सवय नसल्यामुळे मी जरा अस्वस्थ झालो.

मग माझी पाळी आली. मी बायकोचं आणि लेकीचं वर्णन असं काही केलं की मलाच गहिवरून आलं. सगळे शांतपणे लिहून घेत होते. गावातले सुतार हेर (म्हणजे श्रीयुत) रोडर यांनी सहज विचारलं की तुमच्या गावाकडे असं काही करायचं असलं तर कसं करतात. आता मामा, अशा वेळी माणसाने काय करायचं? मी ताठ उभा राहिलो आणि सांगितलं की आमच्या गावच्या फाट्यावर हीच अडचण होती. माझे प्रतापमामा सरपंच. त्यांनी ग्रामसभा बोलावली, सगळं गाव श्रमदानाला लोटलं, आणि आठवड्याच्या आत थांब्यावर पक्का निवारा उभा राहिला. (हा कंस मनातल्या मनात वाचावा: फाट्यावर अजून नुसते दगड पडलेत हे मला ठाऊक आहे.)

माझं बोलणं संपलं आणि सगळ्यांनी बोटांच्या पेरांनी टेबलं बडवायला सुरुवात केली. आपल्याकडे टेबल वाजलं की पाठोपाठ खुर्ची येते, हे मी तुमच्याच सभांमध्ये पाहिलंय. खोटं पकडलं गेलं असं समजून मी माफी मागितली, जाकीट उचललं आणि दाराकडे निघालो. फ्राऊ वाइगांडनी मला दंडाला धरून परत आणलं. इथे टाळ्या वाजवायच्या तर असंच टेबल ठोकतात म्हणे. मग त्या सभेला म्हणाल्या, "आपणही प्रतापमामांसारखंच करू." सगळे हात वर गेले. लाकूड आणि खालचं काँक्रीट नगरपालिकेचं, मेहनत गावाची, आणि कल्पना माझी म्हणून देखरेख माझी.

पुढचे शनिवार मी कधी विसरणार नाही. लोक आपापली हत्यारं घेऊन आले, बायका केक घेऊन आल्या, अरुंधतीने पोहे केले तर ते सगळ्यांत आधी संपले. छपराचा सांगाडा चढला की सुताराने वर चढून दोन शब्द बोलायचे आणि ग्लास फोडायचा, अशी इथली रीत. मी रोडरांच्या हातात नारळ दिला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि कोपऱ्यातल्या खांबावर असा आपटला की पाणी थेट फ्राऊ वाइगांडच्या केसांवर. त्या म्हणाल्या, छान, शाम्पेनपेक्षा स्वस्त. आणि मामा, आतल्या बाजूच्या तुळईवर तुमचं नाव कोरलंय, रोमन लिपीत, शुद्ध. मी अभिमानाने सांगतो की त्या दिवशी हे गाव माझं झालं. अरुंधतीने फ्लॅटच्या जाहिराती बघणं बंद केलंय.

मामींना आणि आईला नमस्कार. ओट्यावरच्या मंडळींनाही.

आपला (आता लिंडेनबाखचाही)
आत्माराम

ता.क. १. वाइगांड नवरा-बायको जानेवारीत भारतात येत आहेत. ताजमहालाआधी त्यांना आपला फाटा बघायचाय. मी साप, उलट्या, संप सगळं सांगून पाहिलं. त्यांनी तिकिटं काढली.

ता.क. २. तेव्हा मामा, तो निवारा. मंजुरी आहे, दगड आहेत, पोरं त्यांवर बसून बस बघतात. मी नाताळात येतो, पडेल ते काम करतो. वाइगांडबाईंचं सोडा. आई दर मंगळवारी तालुक्याच्या दवाखान्यात जाते, तेव्हा डोक्यावर पदर घेऊन त्याच फाट्यावर उन्हात उभी असते. बायकोसाठी मी परदेशात छप्पर उभं करून घेतलं आणि आईचं राहिलं, याची मला फार लाज वाटते.

ता.क. ३. मामा, अरुंधतीचा नमस्कार. यांनी देखरेख केली म्हणजे शिडी धरली, तीही दुसऱ्या माणसाने मागून धरली होती. पण एक सांगते. तुमची ती गोष्ट हे आता गावभर सांगतात आणि सांगताना एकदाही अडखळत नाहीत. ग्रामसभेत तुम्ही कुठे उभे होता, पहिला दगड कोणी उचलला, सगळं सांगतात. खोटं उघडं पडलं तर वाइगांडबाई हसतील आणि विसरतील. यांना मात्र ते खरंच वाटायला लागलंय, मामा.