मार्क देण्याआधी कापलेला जॉब

मु. गुंजवणे, ता. वेल्हे
दि. १८ नोव्हेंबर २०२५

चि. कुमार,

त्या रविवारी सकाळी मी शेण काढलं, गोठा झाडला, म्हशीला वैरण टाकली आणि तांदूळ पाखडायला ओट्यावर बसले. तू गोठ्यात होतास. मेढीला तुझ्या अण्णांचा जुना वाईस बसवलेला आहे, त्यात लोखंडाची पट्टी आवळून कानस चालवत होतास. मी दोनदा चहा आणून दिला, दोन्ही वेळा तो गार झाला. अकराच्या सुमारास तू बाहेर आलास. एका पट्टीला खाच होती, दुसरीला जीभ. ती खाचेत बसवलीस आणि दोन्ही माझ्यापुढं उजेडाला धरल्यास. म्हणालास, "बघ आई, मधनं उजेड दिसतोय का?" मी म्हणाले, "न्हाई बा." मग मी परत सूप हातात घेतलं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. पत्रात आधी खुशाली लिहायची असते, ती आता लिहिते. मी बरी आहे. भात निघालं, यंदा बरं आलं. म्हैस दिवाळीआधी विकली, माझ्यानं आता धारा होत नाहीत. डावा गुडघा धरतो, पण रेशनला चालत जाऊन येते. स्नेहल दर रविवारी फोन करते. होसूरला थंडी पडली का, पोरीचे दात पडायला लागले का, एवढं मी विचारते. तू ड्यूटीवर आहेस असं ती सांगते. मी बरं म्हणते. सूनबाई चांगली आहे, तिला यात धरू नकोस.

लिहायचं कारण असं की टेक्निकलातून एक बाई आल्या होत्या. नीरजाबाई नाव, तिथल्या लायब्ररीत असतात. टेक्निकलला साठ वर्षं होतात म्हणून त्याचा इतिहास छापताहेत. पत्र्याची शेड, तीन लेथ आणि बावीस मुलं, इथून सुरुवात. आधी शाळा, मग डिप्लोमा, मग कॉलेज, आता विद्यापीठ. पाटी चार वेळा बदलली आणि शेड तीच राहिली, तिलाच कर्मशाळा म्हणायला लागले. बाई हे सांगत होत्या आणि मी मान हलवत होते. मला ते सगळं आधीच ठाऊक होतं. मी अक्षर शिकले तेच मुळी टेक्निकलच्या वार्षिक अंकांवर. कर्मशाळेतल्या कामावरून घरी येताना अण्णा उरलेले अंक रद्दीतून आणायचे. पहिल्यांदा फोटोखालची नावं लागली, मग मुलांनी लिहिलेलं लागायला लागलं. मेसच्या वरणाची टिंगल, काचेखाली दिवा लावून दुसऱ्याचं ड्रॉइंग गिरवायची युक्ती, सबमिशनच्या आठवड्यात दाढ्या वाढलेली पोरं. मी एकदाच आत जाऊन आले असेन, पण मला ते गावासारखं माहीत होतं. तुला तिथं प्रवेश मिळाला तेव्हा पेढे मी वाटले, अण्णांनी नाही. ते म्हणाले, "तितं मी तुजा बाप न्हाई. समदी मामा म्हणत्यात, तू बी मामाच म्हन." तू हसून म्हणालास, "व्हय मामा."

बाईंनी टाइप केलेली पानं आणली होती. म्हणाल्या, "काकू, प्राचार्य किती आले-गेले, पण जुन्या मुलांच्या तोंडी नाव आनंदराव मामांचंच." मग त्यांनी एक परिच्छेद वाचून दाखवला. हॉस्टेलवर सीनियर पोरं नव्या पोरांना अजून एक गोष्ट सांगतात, तीच त्यात होती. मामांनी पोटच्या पोराचा परीक्षेचा लोखंडी जॉब करवतीनं कापला, तर तुमची काय कथा. खाली बाईंनी स्वतः लिहिलं होतं, की आपल्या मुलानं केलेली फसवणूकही त्यांनी पाठीशी घातली नाही, असा निःस्पृह माणूस या संस्थेनं पाहिला.

मी विचारलं, पोराचं नाव घातलंय का. त्या म्हणाल्या, नाही, पण त्या वेळच्या सगळ्यांना माहीत आहे. काही बदलायचं असेल तर आत्ताच सांगा, सोमवारी पानं छपाईला जातील.

मी म्हणाले, "चांगलं लिवलंय." त्यांना पोहे केले. त्यांनी भिंतीवरच्या अण्णांच्या फोटोचा फोटो काढला.

आता ते लिहिते. मधे दोन दिवस हे पत्र तसंच पडून होतं.

कर्मशाळेची रीत तुला माहीत आहे. मार्क दिले की अण्णा करवतीनं जॉबवर एक काप घ्यायचे, म्हणजे पुढच्या वर्षी कुणी तोच जॉब घासूनपुसून आपला म्हणून दाखवू नये. आणि ज्याचा जॉब मार्क देण्याआधी कापला, त्यानं जुना जॉब आणला असं ठरायचं आणि त्याची टर्म जायची. तुझा जॉब शुक्रवारी अर्धा होता. शनिवारी-रविवारी तपासणीची कमिटी यायची म्हणून शेड बंद, किल्ली अण्णांकडं, आणि ते तिथंच मुक्कामाला. सोमवारी तू पुरा जॉब टेबलावर ठेवलास. सरांनी विचारलं, कुठं केलास? तू म्हणालास, हितंच, शनिवारी. शेडला तर तेव्हा कुलूप होतं, म्हणजे जॉब जुना, असं ठरत होतं. गेटबाहेर लोखंड नेलं असं कबूल केलं असतंस तर अण्णांवर आलं असतं, म्हणून तू तसं म्हणालास, हे मला तेव्हाही कळलं. आधल्याच महिन्यात कर्मशाळेतल्या गेनू फिटरला डब्यात पितळेचा तुकडा सापडला म्हणून कामावरून काढला होता. त्याची बायको आपल्या ओट्यावर बसून रडून गेली होती.

तुला जे माहीत नाही ते पुढं आहे. करवत हातात घेण्याआधी अण्णा शेडच्या मागं गेले आणि त्यांनी मला फोन केला. म्हणाले, "कुमारनं काल घरी लोखंडाचं काय आणलं हुतं का गं? खरं सांग."

मी म्हणाले, "न्हाई. काय बी न्हाई आणलं."

गेनूची बायको डोळ्यांपुढं होती. मला वाटलं, चोरीची चौकशी चालली आहे. मी तुम्हा दोघांनाही वाचवते आहे, असं मला वाटलं. फोन ठेवून मी धुणं वाळत घातलं.

संध्याकाळी तू आलास, कपडे पिशवीत भरलेस. म्हणालास, "तीस पोरांम्होरं कापला. अण्णांना माजा हात वळखता आला न्हाई." तेव्हा मी सांगू शकले असते. मी तुला भाकरी बांधून दिली.

दिवाळीला अण्णा गोठा झाडत होते. वाईसखालचं पोतं सरकवलं तर खाली लोखंडाचा बारीक कीस. तो त्यांनी तळहातावर घेतला. वर्षभर त्यांनी तिथं कानस लावली नव्हती. त्यांनी मला हाक मारली आणि मी सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. हात झाडून गव्हाणीवर बसले. मग म्हणाले, "त्याला माजा राग हाय तेवढा पुरं. तुजं नाव त्यात नगं. मी हाय तवर त्याला सांगायचं न्हाई."

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी मोठ्या सरांना लिहून दिलं, की जॉब मुलाचाच होता, ओळखायला मी चुकलो. फोनचं काही लिहिलं नाही. पुढच्या टर्मला बसता येईल असं टेक्निकलनं तुला पत्र पाठवलं. तू तेव्हा चाकणला होतास. ते न फोडताच परत आलं. नंतर कॉलेजचं विद्यापीठ झालं, जुनी कपाटं हलली, त्यांचा कागद कुठं गेला कुणास ठाऊक. पोरांच्या तोंडची गोष्ट तेवढी राहिली. ती कुणी त्यांच्यापुढं काढली की अण्णा उठून जायचे. लोकांना वाटायचं, मोठेपणा नको म्हणून जातात.

अण्णा गेले त्या सकाळी मी तुला फोन केला. तू म्हणालास, "मी येऊन काय करू?" मी बरं म्हणाले. अग्नी तुझ्या चुलतभावानं, पप्पूनं दिला. ते हयात असेपर्यंतच सांगायचं नव्हतं, म्हणजे त्या दिवसापासून मी मोकळी होते. तरी दोन वर्षं गेली. आधी मी म्हणायचे, त्यांनी अडवलंय. मग म्हणायला काही उरलं नाही, तरी गप्पच राहिले. तू बारा वर्षं त्यांच्यावर धरलास तो राग माझ्या वाटचा होता. तो तू माझ्यावर धर. सणाला ये असं मी म्हणत नाही. फोन कर असंही म्हणत नाही.

बाई शुक्रवारी आल्या होत्या. त्या गेल्यावर मी कपबशा विसळल्या, दार लोटलं आणि त्यांनी ठेवून दिलेलं पान परत वाचलं. त्यात तू चोर आहेस.

दुसऱ्या दिवशी मी सकाळच्या एसटीनं चेलाडी फाट्यावर उतरले, तिथून दुसरी गाडी धरून टेक्निकलात गेले, नीरजाबाईंच्या टेबलासमोर बसले आणि जॉब कुमारनंच घरी केला होता, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आणि फोनवर खोटं बोलले, असं माझ्या हातानं लिहून खाली पुरी सही करून दिली.

फुलाबाई आनंदराव शिळीमकर
तुझी आई