उजव्या हाताचा मोजा

मी हे मृत्युपत्र लिहीत आहे, कारण गेल्या रविवारी माझी भाची अक्षता हिने नुकसानभरपाईचा दावा करायला नकार दिला आणि कारण म्हणून माझे उदाहरण दिले.

मी, ज्योत्स्ना संपत मगरे, बी.ए., वय सहासष्ट, अविवाहित, राहणार अंबड, जिल्हा जालना. पूर्ण शुद्धीवर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. अक्षर वेडेवाकडे आहे ते डाव्या हाताचे म्हणून. त्यावरून माझ्या बुद्धीबद्दल शंका घेऊ नये.

१. अंबडचे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे आहे. ते माझ्या पश्चात अक्षताचे. "दावा दाखल केला तरच" अशी अट मी आधी लिहिली होती, ती काढली. घराचे आमिष दाखवून कोणाची लाज जात नाही.

२. बँकेतली ठेव अक्षताचा भाऊ मिथुन याला. माझ्या मृत्यूनंतरचा जलदानविधी त्याने साधा करावा. मांडव घालू नये. शिवणयंत्रही त्याच्या बायकोने न्यावे, पण तेल घालत जावे.

३. मी जिथे पर्यवेक्षक होते त्या बियाणे कारखान्याचे मालक अप्पाराव विधीला आले तर त्यांना जेवू घालावे. माइक देऊ नये. माझ्या हाताला अपघात झाला तेव्हा ते सफरचंदे घेऊन दवाखान्यात आले होते. "बाई, तुम्ही शिकलेल्या. कोर्टकचेरी तुम्हाला शोभत न्हाई," म्हणाले. मला ते कौतुक वाटले, हे लिहितानाही मान खाली जाते.

४. हाताविषयी. यंत्राच्या चालू पट्ट्याजवळ कोणी हात नेला की मी तिला सगळ्या शेडसमोर झापत असे. ऐन हंगामात पट्ट्यात सुतळी अडकली आणि मीच हात घातला. तीन बोटे गेली. बायका धावत आल्या, तेव्हा दुखण्याच्या आधी शरम वाटली. चूक माझी, मग भरपाई कसली, असे ठरवून डाव्या हाताने राजीनामा लिहिला. तेव्हापासून उजव्या हातात मोजा घालते, रिकाम्या बोटांत कापूस भरून. घरात मात्र ताठ मानेने सांगत आले की, चूक आपली असली तर मागायला जाऊ नये.

५. अक्षताचा हात शहागडच्या शेडमध्ये कामावर असताना मशीनखाली चेपला. दाव्याची दोन वर्षांची मुदत येत्या फेब्रुवारीत संपते. वकील शीतलताईंनी घरी येऊन तिला समजावले. दारूच्या नशेत किंवा सुरक्षेचा नियम मुद्दाम मोडून झाले असेल तर गोष्ट वेगळी. कामाच्या घाईत हात गेला म्हणून कामगाराचा हक्क जात नाही. आधी डॉक्टरांकडून हात तपासून दाखला घ्यावा लागेल. अक्षता ओढणीखालून हात काढेना.

"मावशी, हात म्याच घातल्ता. मंग कोणत्या तोंडानं मागू? तू मागितलं का कधी?"

शीतलताईंनी माझ्याकडे पाहिले. गावभर सगळ्यांना उत्तरे देणारी मी उठून चहा टाकायला गेले.

घराच्या आधी तिला माझ्याकडून ही लाज मिळाली आहे. तेवढा वारसा मी जिवंतपणीच रद्द करते. मी मागायला हवे होते. माझा हक्क होता.

सही (डाव्या हाताची): ज्योत्स्ना संपत मगरे
साक्षीदार: १. ॲड. शीतल बोर्डे, जालना २. नरहर पाठक, शेजारी, अंबड
स्थळ: अंबड. दिनांक: १४ डिसेंबर २०२४

हस्तांतरणाची नोंद: सह्या झाल्यावर मी साक्षीदारांसमोर मोजा काढला आणि अक्षतापुढे धरला.

"ह्याचं काय करू?"

"चुलीत घाल," मी म्हणाले.

"कापूस चांगलाय मावशी, उशीत भरते," म्हणाली, आणि मोठ्या माणसाकडून घ्यावा तसा तिने तो दोन्ही हातांनी घेतला. सोमवारी ती शीतलताईंबरोबर दवाखान्यात जाणार आहे. मीही जाईन, हात उघडा ठेवून.

मोजा, उजवा, एक. मिळाला.
— अक्षता